डिझायर डिझेल की डिझायर पेट्रोल? सोलापूरच्या वापरात कोणते इंजिन अधिक भरवशाचे

सोलापुरात जुनी गाडी पाहायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला हमखास मिळतो तो असा की, डिझेलचीच घ्या, डिझेल इंजिनाला मरण नसते. हा सल्ला चुकीचा नाही, पण तो एका विशिष्ट काळातल्या इंजिनांना आणि विशिष्ट प्रकारच्या वापराला लागू पडतो, आणि आज गाडी घेणाऱ्याने तो तसाच्या तसा मानला तर त्याचे नुकसान होऊ शकते. आमच्या घरात मारुतीच्या दोन डिझायर आहेत, दोन्ही २०१८ सालच्या, एक डिझेलची आणि एक पेट्रोलची. बॉडी तीच, सस्पेन्शन जवळपास तेच, त्यामुळे विश्वासार्हतेत जो फरक जाणवतो तो बव्हंशी इंजिनाचा आणि वापराचा आहे. डिझेलची गाडी भावाच्या चादर-टॉवेलच्या व्यापारासाठी हैदराबाद आणि पुण्याच्या रस्त्यावर धावते. पेट्रोलची गाडी मी चालवतो, ती जुळे सोलापूर ते नवी पेठ, मुलांची शाळा, मंडई आणि अधूनमधून अक्कलकोट किंवा तुळजापूर एवढ्यातच फिरते.

आधी डिझेलविषयी. या गाडीतले १२४८ सीसीचे इंजिन मूळ फियाटचे. मारुतीने ते डीडीआयएस या नावाने विकले, टाटाने क्वाड्राजेट या नावाने, आणि आपल्या रांजणगावच्या फियाट कारखान्यातही ते बनत असे. इतक्या वेगवेगळ्या गाड्यांत ते बसले की त्याला लोक देशाचे इंजिन म्हणू लागले, आणि त्याचा खरा फायदा आजही मिळतो: या इंजिनाचा सुटा भाग मिळाला नाही किंवा ते उघडता येत नाही असे सांगणारा मेस्त्री सोलापुरात शोधावा लागेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये हवा सोळा-अठरा पटीने दाबून इतकी तापवली जाते की डिझेल आपोआप पेट घेते. हा दाब सोसण्यासाठी ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड हे सगळेच भक्कम बनवावे लागते. शिवाय या इंजिनाची १९० न्यूटन-मीटरची ओढ (टॉर्क) मिनिटाला २००० फेऱ्यांनाच मिळते, तर पेट्रोल डिझायरला तिची ११३ न्यूटन-मीटरची ओढ गाठायला ४००० च्या पुढे जावे लागते. नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद करत माल आणि माणसे घेऊन हैदराबाद गाठताना डिझेल इंजिन दिवसभर निवांत फेऱ्यांवर चालते, आणि त्या निवांतपणातच त्याच्या दीर्घायुष्याचे कारण आहे. आमच्या गाडीचे रनिंग कधीच दीड लाखाच्या पुढे गेले आहे. हेड आजवर उघडलेले नाही, टायमिंग चेन मूळचीच आहे आणि दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑईल वरून घालावे लागत नाही.

मग या इंजिनात काही दोष नाही का? आहे, आणि तो इंजिनाच्या पोटात नसून इंधनाच्या वाटेवर आहे. कॉमन रेल पद्धतीत, म्हणजे सगळ्या इन्जेक्टरना एकाच सामाईक नळीतून इंधन पुरवणाऱ्या रचनेत, डिझेल दीड हजार बारच्या घरातल्या दाबाने इन्जेक्टरमधून फवारले जाते, आणि इन्जेक्टरच्या आतले भाग इतके काटेकोर बसवलेले असतात की कचऱ्याचा बारीक कण किंवा पाण्याचा थेंबही त्यांना पुरतो. पेट्रोल डिझायरमध्ये हाच दाब तीन-चार बार असतो. पावसाळ्यात आडरस्त्यावरच्या एका पंपावर डिझेल भरल्यानंतर आमची गाडी मिसिंग मारू लागली, पिकअप गेला आणि सकाळी स्टार्ट घ्यायला त्रास देऊ लागली. मेस्त्रीने फिल्टरखालचा स्क्रू सैल करून आतले डिझेल काचेच्या बाटलीत घेतले आणि ती उन्हात धरली. वर पिवळसर डिझेल, खाली बोटभर पाणी, आणि दोहोंच्या मधे तपकिरी गाळाची बारीक रेघ, असा तो सगळा प्रकार डोळ्यांनी पाहता आला. फिल्टर बदलला, टाकी साफ केली, पण एक इन्जेक्टर त्यातून वाचला नाही. तो पंप-नोझलच्या दुकानात तपासायला द्यावा लागला, आणि त्याचे जे बिल झाले तेवढ्यात पेट्रोल गाडीची वर्षभराची देखभाल होते. डिझेल गाडी कमी वेळा बिघडते, पण बिघडली की खिसा मोकळा करते, असे जे म्हणतात त्यातला दुसरा भाग तरी शब्दशः खरा आहे. म्हणून डिझेलवाल्यांनी फिल्टरमधले पाणी नियमित काढावे आणि ठरलेल्या पंपाखेरीज शक्यतो इंधन भरू नये, एवढी शिस्त पाळली तर या इंजिनाचा निम्मा धोका टळतो असे माझे ठाम मत आहे.

पेट्रोल डिझायरचे ११९७ सीसीचे के-सिरीज इंजिन याच्या अगदी उलट स्वभावाचे आहे. त्याला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, नाही, उच्च दाबाचा पंप नाही, काजळीचा धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या व्हॉल्व्हचा ताप नाही. बिघडण्यासारखे भागच मुळात कमी, आणि जे आहेत ते स्वस्त. मागे एकदा प्लगला वीज देणारी इग्निशन कॉइल गेली, गाडी आचके देऊ लागली आणि पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये नेली आणि त्याच दिवशी संध्याकाळी परत आणली. प्लग वेळेवर बदलले, ऑईल आणि एअर फिल्टर सांभाळले, तर या इंजिनाकडून तक्रार येत नाही. सकाळी स्टार्ट करून दोन-तीन किलोमीटरवर बंद करायची, तासाभराने पुन्हा तेच, असा वापर कोणत्याही इंजिनाला मानवत नाही, पण पेट्रोल इंजिन लवकर तापते आणि काजळी फारच कमी करते, म्हणून ते हा वापर सहन करते. सात रस्ता ते पार्क चौक या अंतरात डिझेल इंजिन धड कोमटही होत नाही.

उन्हाळ्याचा मुद्दा दोन्ही इंजिनांना सारखा लागू आहे, तरी तो इथे सांगायलाच हवा, कारण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. सोलापुरात नळाला रोज पाणी नसल्याने रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालणारे पुष्कळ आहेत. त्या जड पाण्यातले क्षार आतल्या नळ्यांत बसतात, इंजिन गरम होते आणि हेड गॅस्केट जाते. मग दोष इंजिनाला दिला जातो. तयार मिसळलेले कूलंटच घालावे. त्याचा खर्च गॅस्केटच्या कामापुढे नगण्य आहे.

पेट्रोलच्या बाजूने एक नवी काळजी मात्र आली आहे, ती पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या वीस टक्के इथेनॉलची. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपला जिल्हा मोडतो, उसाला इथेनॉलमुळे आधार मिळतो, आणि त्याबद्दल मला मनापासून समाधान आहे. तरीही २०२३ च्या एप्रिलपूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी पाइप, सील आणि गॅस्केट या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते, ही वस्तुस्थिती राहतेच. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडे घटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, म्हणून गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर ते इंधन टाकीत तसेच पडून राहू देऊ नये. माझ्या गाडीत अद्याप गळती नाही, पण इंधनाचे पाइप सर्व्हिसच्या वेळी वाकवून पाहायला मी सांगतो, आणि जुन्या पेट्रोल गाडीच्या प्रत्येक मालकाने तसे सांगावे.

आता नव्या गाडीचा प्रश्न. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले, मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या आणि ते १२४८ सीसीचे इंजिन नव्या गाड्यांतून गेले. आज ह्युंदाई, किया, महिंद्रा, टाटा यांच्याकडे मिळणारी दीड लिटरची डिझेल इंजिने ताकदवान आणि शांत आहेत, पण त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ बसवलेला असतो, आणि काही गाड्यांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकीही असते. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळण्यासाठी धूर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग चांगल्या वेगाने चालावी लागते. सोलापूरहून मोहोळपर्यंत गेले तरी हे काम आपोआप होऊन जाते. गाडी शहरातच फिरत राहिली तर जाळण्याची प्रक्रिया पुन्हा पुन्हा अर्धवट तुटते, त्यासाठी जादा फवारलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑईलमध्ये उतरते, ऑईल पातळ होते आणि मग टर्बो व बेअरिंगवर परिणाम होतो. डिपस्टिकवर ऑईल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले तर आनंद मानू नये, गाडी त्याच दिवशी दाखवावी. अशा इंजिनात कमी राख सोडणारे, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच ऑईल लागते. दुकानदार ‘हेही चालेल’ म्हणाला तरी ते घेऊ नये.

म्हणून माझा निवाडा वापरावर ठरतो. आठवड्याला पुणे, हैदराबाद किंवा विजयपूर ठरलेले असेल तर डिझेल आजही घ्यावे, त्या वापरात ते पेट्रोलपेक्षा सरस आणि अधिक टिकाऊ ठरेल. शहरातली नोकरी, शाळा आणि सणावारी पंढरपूर एवढाच वापर असलेल्या कुटुंबाने साधे, बिनटर्बोचे पेट्रोल घ्यावे. टर्बो-पेट्रोल चालवायला सुखद असते, पण त्यात टर्बो आणि अनेकदा थेट इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारणारी यंत्रणा, येते, म्हणजे साधेपणाचा जो फायदा पेट्रोलला होता तो बराचसा जातो.

जुनी डिझेल डिझायर घ्यायची असेल तर ती सकाळी, बॉनेट थंड असतानाच पाहायला जावे; विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशीची वेळ मागावी. पहिल्या फटक्यात स्टार्ट होते का, इंजिन चालू असताना ऑईलचे झाकण काढल्यावर धूर जोराने बाहेर येतो का, रेस दिल्यावर काळा धूर किती वेळ टिकतो, एवढे पाहावे, आणि पंप-नोझलच्या माणसाकडून चारही इन्जेक्टरची गळती तपासून घ्यावी. टॅक्सीत चाललेली गाडी असेल तर मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नये, सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात. पेट्रोल गाडीत कूलंटच्या टाकीत लालसर गंज किंवा पांढरा थर दिसला तर त्या गाडीत बोअरचे पाणी फिरले आहे असे समजावे आणि किंमत त्या हिशेबाने बोलावी.