शहापूरचे शिलाईचे दुकान आणि आम्हा बहिणींची दोन मापे

मी 62 किलो वजनगटात कुस्ती खेळते आणि माझी धाकटी बहीण 50 किलोमध्ये. बेळगावातील एका मोठ्या दुकानात कॉस्च्युम, म्हणजे कुस्तीचा अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख, घ्यायला गेलो असता विक्रेत्याने माझ्या दंडांकडे पाहून मला पुरुषांच्या विभागाकडे पाठवले आणि धाकटीकडे वळून, "तुम्ही सख्ख्या बहिणी वाटत नाही," असे म्हटले. त्यानंतर वर्षभर मी आखाड्याबाहेर पूर्ण बाह्यांचेच कपडे घालत होते. धाकटीचे दुःख निराळे होते. माझे जुने कॉस्च्युम आवळून तिला दिले जात आणि "अक्काची ताकद हिच्यात नाही" हे ऐकतच ती मॅटवर उतरे.

म्हणूनच बेळगावातल्याच शहापूर भागातील विणकर वस्तीतल्या एका लहानशा शिलाई दुकानाविषयी सविस्तर लिहीत आहे. तेथील काकू नुसते उभे करून माप घेत नाहीत, त्या बैठक मारायला लावतात, हात डोक्यावर न्यायला आणि पूल (पाठीवरून डोके व पायांवर शरीराची कमान) काढायलाही लावतात, आणि दर वेळी "कुठं काचतंय?" एवढेच विचारतात. कशी दिसतेस, हा विषयच निघत नाही. माझ्या मांडीचा घेर त्यांनी भुवई न उंचावता वहीत लिहिला आणि मग पान उलटून धाकटीचे नाव नव्या पानावर घातले.

कापड ताणले जाणारे लायक्रा असून शिवण सपाट असल्याने मॅटवर घासत नाही. कुस्तीत वजन कॉस्च्युम घालूनच होते आणि त्याच्या वजनाची सूट मिळत नाही, हे काकूंना ठाऊक आहे. तयार कॉस्च्युम त्या शेजारच्या किराणा दुकानातील काट्यावर ठेवून दाखवतात. पॅरिसमध्ये 7 ऑगस्ट 2024 रोजी विनेश फोगट 50 किलोच्या अंतिम लढतीआधी 100 ग्रॅम जास्त भरल्याने अपात्र ठरली, तेव्हापासून धाकटी ताटातली भाकरीसुद्धा मोजू लागली होती. पुढे तिची पाळी थांबली. श्रमाच्या मानाने अन्न कमी पडले की असे होते आणि हाडेही ठिसूळ होतात, हे डॉक्टरांनी समजावले. काकूंना हे कळल्यावर त्या तिला म्हणाल्या, "वजन कापडातनं काढूया, तुझ्यातनं नको."

टेनिसपटू सेरेना विल्यम्सने 2017 मध्ये आईला लिहिलेल्या जाहीर पत्रात, आपल्या बळकट शरीरामुळे लोकांनी आपल्याला पुरुष म्हटल्याचे सांगितले आहे. तिची थोरली बहीण व्हीनस तिच्याहून उंच आणि सडपातळ आहे. म्हणजे ती तुलना तिच्या घरातच उभी होती. तरीही सेरेनाने एकेरीची 23 ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली. काकूंकडे माप देताना मला त्या पत्राची आठवण झाली.

उणिवाही आहेत. एका कॉस्च्युमला 1,400 रुपये पडले, बारा दिवसांचा वायदा वीस दिवसांवर गेला आणि लाल कापडाचा रंग पहिल्या धुण्यात उतरला. कपडे बदलण्याच्या खोलीचा पडदा नीट मिटत नव्हता, ही मला सर्वांत गंभीर गोष्ट वाटली. सांगितल्यावर काकूंनी आमच्यासमोरच त्याला हुक शिवले.

मापाला सरावाचे कपडे घालून जावे आणि गणेशोत्सवाचे दिवस टाळावेत. दोघी बहिणी जाणार असाल तर माप घेताना एकीने बाहेरच्या बाकावर थांबावे, असे काकू स्वतःच सुचवतात.