पहिल्या चार दिवसांतले जनुक: नॉकआउट, नॉकडाउन की क्रिस्पर?

ज्या परळमध्ये १९८६ साली केईएम रुग्णालयात देशातील पहिली शास्त्रीय नोंद असलेली टेस्ट ट्यूब बालिका जन्मली, तिथे आज एखादा विद्यार्थी एखाद्या जनुकावाचून भ्रूण फलनानंतरचे पहिले चार दिवस वाढतो का, हा प्रश्न पीएचडीसाठी घेत असेल, तर त्याने आधी पद्धत पारखावी.

सर्वांत भक्कम पुरावा नॉकआउट, म्हणजे ते जनुक कायमचे काढून टाकलेल्या, उंदरांचा. जनुकाची एक प्रत गमावलेल्या नर-मादीचा संकर केला, की सुमारे चतुर्थांश भ्रूण दोन्ही प्रतींना मुकलेले असतात, आणि ते कोणत्या दिवशी नाहीसे होतात हे शोधता येते. ऑक्ट-४ या जनुकाबाबत १९९८ मध्ये असेच उलगडले: ब्लास्टोसिस्ट (आत पोकळी असलेला, काही दिवसांचा भ्रूण) तयार होतो, पण त्याच्या आतल्या पेशी आपली बहुक्षमता (शरीरातील कोणतीही पेशी बनण्याची क्षमता) टिकवू शकत नाहीत. तरीही या पद्धतीत एक मोठी फसगत आहे. मातेने बीजांडात साठवलेले आरएनए (जनुकाचा संदेश वाहणारा रेणू) आणि प्रथिन काही काळ पुरते; ई-कॅडहेरिन या पेशींना चिकटवणाऱ्या प्रथिनाचे जनुक नसलेल्या भ्रूणांच्या पेशीही याच शिदोरीवर आठ पेशींच्या सुमारास एकमेकींना घट्ट बिलगतात आणि पुढे बाहेरचा थर रचताना भ्रूण कोलमडतात. हा साठा काढायचा तर बीजांडातच जनुक छाटणाऱ्या झेडपी३-क्रे माद्या लागतात, आणि त्या संकरांत अनेक महिने जातात.

नॉकडाउनमध्ये जनुक तसेच ठेवून त्याचा संदेश पुसण्यासाठी दुपदरी आरएनए फलित बीजांडात टोचतात. त्याने मातेचा आरएनएही नष्ट होतो आणि उत्तर काही दिवसांत दिसते. मात्र आधीच बनलेले प्रथिन उरते, शिवाय भलत्याच जनुकावर परिणाम होण्याचा धोका असतो. म्हणून त्याच जनुकाचा, पण त्या हल्ल्यातून सुटणारा आरएनए परत टोचून भ्रूण सावरतो का, हे दाखवल्याशिवाय मी असा निकाल मान्य करणार नाही.

भ्रूणातच जनुक थेट कापणाऱ्या क्रिस्परला उंदरांचा वेगळा वाण लागत नाही, पण कापणी पेशी विभागल्यानंतर झाली तर भ्रूण मिश्र (काही पेशी बदललेल्या, काही जशाच्या तशा) निघतो, त्यामुळे प्रत्येकाची जनुकीय तपासणी अटळ ठरते. मातेचा साठाही तसाच राहतो. मानवी भ्रूणावर २०१७ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेने हीच पद्धत वापरली, तेव्हा ऑक्ट-४ शिवाय ब्लास्टोसिस्टच नीट घडेना. उंदराचे उत्तर माणसाला जसेच्या तसे लावू नये, ते यामुळे.

प्राणी नीतिसमितीची मान्यता तिन्हींना हवी. उंदराच्या भ्रूणाचा स्वतःचा जनुकसंच मुख्यतः दोन पेशींच्या अवस्थेत जागा होतो. त्याआधीच्या घटनेचा संशय असेल तर मी नॉकडाउनने सुरुवात करीन, नंतरच्या घटनेसाठी क्रिस्परने, आणि ‘अपरिहार्य’ हा शब्द प्रबंधात लिहिण्यापूर्वी मातृसाठा काढलेल्या नॉकआउटची वाट पाहीन.