घरी एअर टूल चालवायचेत: २४ लिटर ऑइल-फ्री का ५० लिटर बेल्टवाला?

भाऊ, नागपूरच्या इतवारी बाजारात कॉम्प्रेसर बघायला गेलं की जो तो टाकी किती लिटरची आन मोटर किती एचपीची एवढंच विचारून राहिला असतो, पण टूल चालेल का नाही ते ठरतं सीएफएमवर, म्हणजे पंप मिनिटाला किती घनफूट हवा देतो त्यावर. त्यातही डब्यावरचा आकडा बहुतेक वेळा डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टन कागदोपत्री जेवढी हवा ओढतो त्याचा असतो, ९० पीएसआयला (साधारण ६ बार दाबाला) हातात येणारी हवा त्याहून बरीच कमी, म्हणून दुकानदाराला एफएडी (फ्री एअर डिलिव्हरी, म्हणजे खरोखर मिळणारी हवा) किती तेच विचारा.

माझ्याकडे आधी २४ लिटरचा १ एचपी ऑइल-फ्री होता. एका हाताने उचलला जातो, तेल बघायची कटकट नाही, फक्त आवाज कानठळ्या बसवणारा. टायरची हवा, धूळ उडवायची ब्लो गन, बारीक खिळे मारायचा ब्रॅड नेलर यांना एकदम बरोबर. घोळ झाला लोखंडी गेट रंगवताना. एक पल्ला अर्धा होत नाही तर काटा ३ बारवर, गन थुंकायला लागली आणि सुकल्यावर रंग संत्र्याच्या सालीसारखा, सगळा घासून परत मारावा लागला.

हिशोब सोपा आहे. २४ लिटरची टाकी ८ वरून ६ बारवर उतरली की ४८ लिटर हवा निघते, म्हणजे १.७ घनफूट. एचव्हीएलपी गन (कमी दाबाची पण भरपूर हवा लागणारी रंगाची गन) किंवा डीए सँडर (घासायचं मशीन) मिनिटाला १० घनफुटाच्या आसपास खातात, मग साठा पुरतो १० सेकंद, पुढे सगळा भार पंपावर आणि १ एचपीचा पंप देऊन देऊन देणार ३ सीएफएम!

५० लिटर २ एचपी बेल्टवाल्याने साधारण दुप्पट हवा मिळते, पंप सावकाश फिरतो म्हणून तापतो कमी, आवाजही सहन होतो. अर्धा इंची इम्पॅक्ट रेंचने चार नट खोलले, जरा थांबले, असं आरामात जमतं, आणि कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन घेतली तर गेट-ग्रिलही होऊन जातं. पण जड आहे, तेल बदलावं लागतं, १६ अँपिअरचा पॉइंट पायजे.

म्हणून फ्लॅटमध्ये राहता आणि खिळे-हवा एवढंच काम असेल तर छोटाच घ्या, अंगण आहे आणि रंगकाम करायचं तर बेल्टवाला. सँडर आणि ग्राइंडर मात्र विजेवरचेच घ्या, त्यांना पुरेल एवढी हवा या दोघांकडेही नाही.

लांब काम असेल तर वायर लांबवू नका, एअर पाइप लांबवा, तोही १० एमएमचा, बारीक वायरवर व्होल्टेज पडून मोटर तापते. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली तर मोटर तापली की बंद करणारा ओव्हरलोड स्विच हमखास ट्रिप होतो, मी सकाळी ९ च्या आतच काम उरकतो. आणि पावसाळ्यात टाकीखालचा कॉक रोज उघडा, मी पहिल्यांदा महिन्याने उघडला तर चहाच्या रंगाचं गंजाचं पाणी निघालं, आणि टाकी आतून गंजून पातळ झाली की दाबाने फुटू शकते.