कीपर निवडायला घेतलेलं पेड टूल: एक अख्खा सीझन वापरल्यावर

फँटसी बेसबॉलमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर गुण मिळणाऱ्या काल्पनिक टीमच्या खेळात, गेल्या सीझनचे कोणते खेळाडू ‘कीपर’ म्हणून राखून ठेवावेत हे सांगणारं एक टूल मी घेतलं होतं. जानेवारीच्या क्रेडिट कार्ड बिलात त्याचे पैसे पुन्हा कापलेले दिसले, तेही गेल्या वर्षीपेक्षा जास्त, आणि आधी साधी सूचनासुद्धा नाही. वाद अजून मिटलेला नाही, म्हणून नाव देत नाही. पण मार्चच्या लिलावाआधी बरेच जण असलं काहीतरी विकत घ्यायच्या विचारात असतील, त्यांच्यासाठी लिहितोय.

आमची लीग न्यू जर्सीतली, बारा टीमची. प्रत्येक टीमला लिलावासाठी २६० डॉलर, २३ खेळाडू, त्यात दोन कॅचर (पिचरने, म्हणजे गोलंदाजाने टाकलेला चेंडू पकडणारे), ५ बाय ५ (फलंदाजीचे पाच आणि पिचिंगचे पाच आकडे मोजायचे). म्हणजे डॅनियल ओक्रंट आणि मंडळींनी १९८० मध्ये मॅनहॅटनमध्ये सुरू केलेल्या रोटिसरी या फँटसी लीगवरून आलेला साचा. कीपर जास्तीत जास्त सहा, आणि ठेवलेल्या खेळाडूचा पगार (टीमच्या डॉलरमधून त्याच्यावर जाणारी रक्कम) दर वर्षी ५ डॉलरने वाढतो.

आता मुख्य तक्रार. माझ्या मते हा एकच दोष बाकी सगळ्या सोयींवर पाणी फिरवतो.

कीपरच्या पानावर प्रत्येक खेळाडूसमोर एक ‘फायदा’ असतो: टूलने काढलेली त्याची किंमत वजा पगार. त्या क्रमाने यादी लागते आणि वरचे सहा ठेवा असा सल्ला मिळतो. पण ही किंमत इन्फ्लेशन, म्हणजे लिलावातली भाववाढ, धरण्याआधीची आहे! इन्फ्लेशन लावलेली किंमत लिलावाच्या पानावर दिसते, म्हणजे कीपर लॉक करून झाल्यावर.

यानं काय होतं ते सोप्या आकड्यांत सांगतो. बारा टीमचे मिळून ३,१२० डॉलर. समजा सगळ्यांनी मिळून ठेवलेल्या खेळाडूंचे पगार ६२० आणि खरी किंमत १,१२०. लिलावात पैसे उरले २,५०० आणि माल उरला २,००० चा. म्हणजे सरसकट २५ टक्के भाववाढ. आता माझ्याकडे ३८ डॉलर किमतीचा एक स्टार आहे, पगार ३२, आणि ११ किमतीचा एक पिचर आहे, पगार ४. टूल म्हणतं स्टारचा फायदा ६, पिचरचा ७, म्हणून पिचर वर. भाववाढ धरा: स्टार साडेसत्तेचाळीसला जाणार, फायदा साडेपंधरा. पिचर पावणेचौदाला, फायदा पावणेदहा. यादी उलटी झाली की नाही? आणि प्रत्यक्षात स्टार याहूनही महाग जातो, कारण १ डॉलरवाल्या खेळाडूला सव्वा डॉलर कोणी देत नाही, बोली पूर्ण डॉलरचीच असते. खाली खर्च न झालेला पैसा वरच्या दहा-पंधरा नावांवर जाऊन पडतो.

आयपीएल बघणाऱ्यांना हे चटकन लक्षात येणार नाही, कारण तिथे राखलेला खेळाडू महागच पडतो. मुंबई इंडियन्सने २०२५ च्या लिलावाआधी पाच जण राखले आणि १२० कोटींतले ७५ तिथेच गेले, हातात उरले ४५. आमच्या फँटसी लीगमध्ये उलट आहे. कीपर स्वस्तात राहतात, पैसा सगळ्यांच्या खिशात तसाच राहतो, आणि बाजारात चांगले खेळाडू मोजकेच उरलेले असतात.

हे मी सपोर्टला सगळ्या आकडेमोडीसकट लिहून पाठवलं. उत्तर आलं की दुसऱ्या टीम कोणाला ठेवणार हे आधी माहीत नसतं, म्हणून कीपरच्या पानावर इन्फ्लेशन देत नाही. अहो, पण अंदाज तर घेता येतो! लीगच्या सगळ्या टीमचे पगार टूलमध्ये भरलेलेच असतात. ज्याचा पगार किमतीपेक्षा उघड कमी आहे त्याला मालक ठेवणारच. तेवढं गृहीत धरून एक आकडा काढायचा आणि वापरणाऱ्याला तो बदलू द्यायचा. मी हेच गुगल शीट्समध्ये एका संध्याकाळी करून घेतलं, आणि तेही फुकटात.

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर टूलवर अन्याय होईल.

सुरुवातीला माझं मत होतं की यांचे खेळाडूंचे अंदाज फार घाबरट आहेत. उदाहरण अटलांटाचा फलंदाज रोनाल्ड अकुन्या. २०२३ मध्ये ४१ होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) आणि ७३ स्टील (पिचर चेंडू टाकत असताना धावून पुढचा बेस गाठणं), मग मे २०२४ मध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटला. २०२५ च्या लिलावाआधी टूलने त्याचे स्टील इतके खाली आणले होते की मला ते पटेना. शिवाय २०२३ पासून बेस मोठे झाले, पिचरच्या पिकऑफवर (बेसवरच्या धावपटूला बाद करायला चेंडू फेकण्यावर) मर्यादा आली, मेजर लीग या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगमधले स्टील २,४८६ वरून ३,५०३ वर गेले, त्यामुळे एकेका स्टीलचं मोलही टूलने कमी धरलं होतं. तरी टूलचं ऐकून मी त्याला सोडला. तो २३ मेला परतला, पहिल्याच चेंडूवर होम रन मारला, आमच्या ग्रुपवर मला दिवसभर टोमणे ऐकावे लागले. पण वर्षअखेर हिशेब काय? ९५ सामने, २१ होम रन, ९ स्टील. फलंदाजी झकास, पण ज्या स्टीलसाठी लोक पैसे मोजत होते ते आलेच नाहीत. इथे टूल शंभर टक्के बरोबर होतं.

कॅचरच्या बाबतीत तर मी यांचा ऋणी आहे. दोन कॅचरच्या लीगमध्ये चोवीस कॅचर लागतात आणि मेजर लीगमध्ये टीमच तीस. तळाचे कॅचर अगदीच टाकाऊ असल्यामुळे वरच्या कॅचरची किंमत किती वाढते हे टूल नीट मोजतं, माझ्या शीटमध्ये ते मला धड जमलेलं नाही. त्याच्या सांगण्यावरून मी कॅल रॅलीला ९ डॉलरला ठेवलं. २०२४ मध्ये त्याचे ३४ होम रन होते, २०२५ मध्ये त्याने ६० मारले! कॅचरने एका सीझनमध्ये इतके कधीच मारले नव्हते. यंदा तो मला १४ ला पडेल, त्याबद्दल विचारसुद्धा करायला नको.

फलंदाजी आणि पिचिंग दोन्ही करणाऱ्या ओहतानीचं मात्र काही खरं नाही. आमच्या लीगमध्ये फलंदाज ओहतानी आणि पिचर ओहतानी असे दोन वेगळे खेळाडू आहेत, दोघांचे मालक वेगळे. टूल त्याला एकच धरतं आणि दोन्हींची बेरीज करून किंमत दाखवतं. वेगळं करायचं बटण नाही. जून २०२५ मध्ये तो पुन्हा पिचिंग करायला लागल्यावर तरी हे सुधारतील असं वाटलं होतं, नाही सुधारलं.

पैशांविषयी. सीझन संपल्यावर खातं बंद करण्याची सोय सेटिंग्जमध्ये सापडत नाही, ईमेल करावा लागतो. मी रिफंड मागितला तर अर्धे पैसे क्रेडिट म्हणून देऊ केले, म्हणजे पुन्हा त्यांच्याकडेच खर्च करायचे. मी बँकेकडे तक्रार टाकली आहे. घ्यायचंच असेल तर मार्चमध्ये एका महिन्यापुरतं घ्या, किमती शीटमध्ये उतरवून घ्या, आणि पैसे भरले त्याच दिवशी रद्द करायचा ईमेल पाठवा. कॅचरच्या किमतींसाठी तेवढे पैसे वसूल होतात. कीपरचं पान उघडूच नका.

आणखी एक. एकदा लॉक केलेली कीपर यादी टूलमध्ये पुन्हा उघडत नाही. एडविन डियाझचा गुडघा १५ मार्च २०२३ ला गेला, तोही वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या संघांच्या स्पर्धेत जिंकल्यावर मैदानात आनंद साजरा करताना, आणि अख्खा सीझन बुडाला. आमच्यात ज्याने त्याला आधीच लॉक केलं होतं तो क्लोजरशिवाय (शेवटी येऊन सामना संपवणाऱ्या पिचरशिवाय) लिलावाला बसला. मार्च २०२६ मध्ये क्लासिक पुन्हा, फायनल १७ तारखेला. कीपरची मुदत त्यानंतरच ठेवा, असं मी आमच्या कमिशनरला (लीग चालवणाऱ्याला) कळवलंय, आणि सात मालकांनी आतापर्यंत होकार दिलाय.