क्राउन एक्सएलएस १००२ : मंचावरचा ॲम्प्लिफायर घरच्या हॉलमध्ये

केईएफ कंपनीचे एलएस५० मेटा हे स्पीकर आकाराने लहान असले, तरी त्यांची भूक लहान नाही. माहितीपत्रकात त्यांचा रोध (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) ८ ओहम दिलेला आहे. पण त्याच ओळीत तो ३.५ ओहमपर्यंत उतरतो असेही म्हटले आहे आणि संवेदनशीलता, म्हणजे १ वॅटवर १ मीटर अंतरावर मिळणारा आवाज, अवघी ८५ डेसिबल आहे. पुढच्या डाव्या, उजव्या आणि मधल्या जागेसाठी असे तीन स्पीकर घेतल्यावर माझ्या अंदाजपत्रकातील बहुतेक रक्कम संपली, आणि उरलेल्या पैशांत त्यांना पुरेल असा ॲम्प्लिफायर कसा बसवायचा हा प्रश्न उभा राहिला. क्राउनचा एक्सएलएस १००२ हा दोन चॅनेलचा ॲम्प्लिफायर हे त्याचे मी काढलेले उत्तर आहे. आठ महिन्यांच्या वापरानंतर ते बरेचसे बरोबर ठरले असे वाटते, परंतु ज्या कारणासाठी मी तो घेतला होता, नेमके त्याच कारणासाठी नव्हे.

आधी हिशेब मांडणे आवश्यक आहे, कारण दुकानात कोणी तो मांडून देत नाही. स्पीकरपासून माझी बैठक ३ मीटरवर आहे. एक मीटरवर मिळणारा ८५ डेसिबलचा आवाज तेवढ्या अंतरावर साडेनऊ डेसिबलने घटतो, म्हणजे १ वॅटमागे माझ्या कानाशी साधारण ७५.५ डेसिबल पोहोचतात. भिंतींच्या परावर्तनाने थोडी भर पडते, ती मी सोडून देतो. चित्रपटगृहासाठी ठरलेल्या प्रमाण पातळीवर एका चॅनेलचे शिखर, म्हणजे सर्वांत मोठ्या आवाजाचा क्षण, १०५ डेसिबलपर्यंत जाते. तेवढे गाठायचे तर जवळजवळ ९०० वॅट लागतील, आणि या स्पीकरची कमाल मर्यादाच कंपनीने १०६ डेसिबल सांगितलेली असल्यामुळे तो विचार तिथेच संपतो. परंतु सदनिकेत, शेजारी भिंतीपलीकडे झोपलेले असताना, प्रमाण पातळीवर चित्रपट पाहतो कोण? आमच्याकडे आवाज बहुधा उणे १५ वर, म्हणजे प्रमाण पातळीच्या १५ डेसिबल खाली, असतो, आणि त्या पातळीच्या शिखरांना २८ वॅट पुरतात. उणे १० वर गेल्यास तोच आकडा ९० होतो. पाच डेसिबलांसाठी तिप्पट शक्ती मोजावी लागते, हे ध्यानात घेतले की वॅटच्या आकड्यांचा मोह बराच ओसरतो.

खरी अडचण वॅटची नसून विद्युतप्रवाहाची आहे. वरचे २८ वॅट ८ ओहमवर मोजलेले आहेत, म्हणजे सुमारे १५ व्होल्ट आणि १.९ अँपिअर. ज्या सुरांवर रोध ३.५ ओहमपर्यंत खाली येतो, तिथे त्याच १५ व्होल्टला ४.३ अँपिअर द्यावे लागतात. स्वस्त रिसीव्हर (घरच्या चित्रपट-संचातले सर्व स्पीकर चालवणारे यंत्र) इथेच दमतो. त्याच्या खोक्यावरचा मोठा आकडा अनेकदा ६ ओहमवर, १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर, एकच चॅनेल चालू ठेवून आणि १० टक्के विकृती चालवून घेऊन मोजलेला असतो. माझा पहिला रिसीव्हर (नाव महत्त्वाचे नाही, त्या किमतीतले बहुतेक सारखेच) युद्धाच्या प्रसंगांत तापून स्वतःला बंद करून घेत असे. त्याच्या सेटिंगमध्ये ४ ओहमचा पर्याय होता. तो निवडल्यावर तापणे कमी झाले, पण आवाजातला जोरही गेला. हा पर्याय बहुतेक रिसीव्हरांत अंतर्गत व्होल्टेज उतरवून उष्णता आटोक्यात ठेवण्यासाठी असतो, अधिक प्रवाह देण्यासाठी नव्हे. शक्यतो त्याला हात लावू नये.

नवीन काही घेण्यापूर्वी मी जो उपाय करायला हवा होता आणि जो उशिरा केला, तो फुकटचा होता. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ ठरवून ८० हर्ट्झखालचे सर्व सूर सबवूफरकडे, म्हणजे केवळ खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरकडे, वळवले. सव्वापाच इंची ड्रायव्हरला स्फोटांचा खर्ज वाजवायला लावणे मुळातच अन्यायाचे होते. तो भार उतरल्याबरोबर जुना रिसीव्हरही बंद पडायचा थांबला. सबवूफरला स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, त्याचा उपयोग करून घ्यावा.

आता क्राउनविषयी. ८ ओहमवर प्रत्येक चॅनेलला २१५ वॅट आणि ४ ओहमवर ३५० वॅट, असे कंपनीचे आकडे आहेत. रोध निम्मा झाल्यावर शक्ती बरीच वाढते, हेच मला हवे होते. तो २ ओहमवरही चालण्यासाठी बनवलेला आहे. मंचावर आणि सभागृहांत रोज राबण्यासाठी केलेले हे क्लास-डी, म्हणजे कमी तापणाऱ्या पद्धतीचे, यंत्र असून वजन चार किलोच्या आत आहे, त्यामुळे टीव्हीखालच्या कपाटात ते सहज मावले. मागे घरगुती यंत्रांवर असते तशी आरसीए जोडणी असल्याने वेगळी वायर शोधावी लागली नाही. आत येणाऱ्या संकेताच्या संवेदनशीलतेचे दोन पर्याय आहेत, १.४ आणि ०.७७५ व्होल्ट, घरात १.४ चाच वापरावा, कारण दुसऱ्याने आवाजाबरोबर पार्श्वभूमीची सूं-सूंही वाढते.

मेख वेगळीच आहे. असा ॲम्प्लिफायर जोडण्यासाठी रिसीव्हरला सर्व चॅनेलांचे प्री-आउट (बाहेरच्या ॲम्प्लिफायरला संकेत देणाऱ्या जोडण्या) असावे लागतात, आणि प्राथमिक श्रेणीतल्या रिसीव्हरांत, उदाहरणार्थ डेनॉनच्या एक्स१७००एचमध्ये, ते केवळ सबवूफरसाठी असतात. म्हणून मी डेनॉनचाच एक्स३७००एच सेकंडहँड घेतला. हा खर्च क्राउनच्या किमतीत धरला नाही, तर हिशेब फसवा ठरतो. एवढे करून डावा-उजवा स्पीकर क्राउनवर आणि मधला रिसीव्हरवर ठेवला. चित्रपटातील बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. पुढच्या दोन चॅनेलांचा भार उतरल्यामुळे रिसीव्हरचा वीजपुरवठा मधल्या स्पीकरला मोकळा मिळतो. खोलीतील आवाजाचे मोजमाप मात्र मायक्रोफोन लावून नव्याने करावे लागले.

फरक किती पडला? मीटरने पातळी समान करून उणे १५ वर ऐकले, तेव्हा मला एकट्या रिसीव्हरमधला आणि क्राउनमधला भेद ओळखता आला नाही, आणि तसे लिहायला मला संकोच नाही. उणे ८ वर, जिथे शिखराला १४० वॅटच्या आसपास लागतात, तिथे मात्र भेद स्पष्ट होता: रिसीव्हरवर वाद्यवृंद कर्कश होऊन एकमेकांत मिसळत होता, क्राउनवर तो सुटासुटा राहिला. घरातले सगळे बाहेरगावी असतील त्या दिवसांसाठी ही खरेदी आहे, असे सौभाग्यवतींचे मत असून ते मला खोडता आलेले नाही.

गैरसोयीही आहेत. पंखा तापमानानुसार फिरतो. कपाटाला जाळीचे दार असल्याने मला तो ऐकू येत नाही, पण उघड्या मांडणीवर, रात्रीच्या शांततेत, तो काहींना खटकेल. रिसीव्हरबरोबर आपोआप सुरू होण्यासाठी ट्रिगरची सोय नाही. सुरू करताना क्राउन शेवटी आणि बंद करताना आधी, हा क्रम पाळावा लागतो, नाहीतर स्पीकरमधून ठोका येतो. पहिल्या आठवड्यात गुणगुण येत होती. तिचे मूळ क्राउनमध्ये नव्हते, केबल टीव्हीच्या तारेतून येणाऱ्या अर्थिंगमध्ये होते, आणि ती तार काढताच ती थांबली. शिवाय केईएफने या स्पीकरसाठी ४० ते १०० वॅटची शिफारस केलेली आहे, तेव्हा २१५ वॅट हाताशी असताना आवाजाची कमाल मर्यादा रिसीव्हरमध्येच बांधून ठेवणे शहाणपणाचे.

अधिक शक्तीच्या लोभाने दोन्ही चॅनेल ‘ब्रिज’ करण्याचा, म्हणजे एकत्र जोडून त्यांवर एकच स्पीकर चालवण्याचा, सल्ला काही जण देतात. या स्पीकरच्या बाबतीत तो मानू नये: ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला निम्मा रोध दिसतो, म्हणजे ३.५ ओहमचे पावणेदोन ओहम होतात.

ज्यांना पंखा नकोच आहे, त्यांच्यासाठी फोसी ऑडिओचा व्ही३ मोनो हा पर्याय आहे. टीपीए३२५५ या चिपवरचा हा एका चॅनेलचा डबा तिन्ही स्पीकरांना एकेक लावता येतो, आणि त्यातील फिल्टरनंतरच्या फीडबॅकमुळे (बाहेर पडणारा संकेत तपासून चूक सुधारण्याच्या सोयीमुळे) स्पीकरचा रोध बदलला तरी वरच्या सुरांचा समतोल बिघडत नाही. त्याच चिपच्या साध्या ॲम्प्लिफायरांत तो बिघडतो. मी तो स्वतः ऐकलेला नाही. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांकडून यांपैकी काहीही मागवायचे असल्यास, मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट चालतात की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी वाचून घ्यावे.