मनगटावर घड्याळ, छातीवर पट्टा: जूनच्या पावसापासून जानेवारीच्या फुल मॅरेथॉनपर्यंत सात महिने

घड्याळ मधल्या किमतीचं, जीपीएसवालं, मनगटावर नाडी मोजणारं, पाच बटणांचं. पट्टा छातीचा, ब्लूटूथवर घड्याळाशी जोडलेला. जूनच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत आठवड्याला चार धावा: मंगळवारी टेम्पो (जोरात पण एकसारखी धाव) किंवा इंटरव्हल (छोटे जोरदार तुकडे, मध्ये विसावा), बुधवारी आणि शुक्रवारी सावकाश, रविवारी लाँग रन, १४ किलोमीटरपासून चढत ३२ पर्यंत. मध्ये सातारा हिल हाफ (घाटातली २१ किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन), शेवटी मुंबईची फुल (४२ किलोमीटरची). कंपन्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. खालच्या खोडी या जातीच्या बहुतेक यंत्रांत थोड्याफार फरकाने सापडतात.

घड्याळावर तीस-चाळीस आकडे दिसू शकतात. धावताना कामाचे तीन: नाडी, चालू लॅपचा (म्हणजे धावेच्या चालू तुकड्याचा) पेस, म्हणजे किलोमीटरमागे लागणारी मिनिटं, आणि चालू लॅपची वेळ. बाकीची पानं पहिल्याच आठवड्यात काढून टाका. आपल्यातले बरेच जण सावकाश धावायच्या दिवशी जोरात धावतात आणि मग मंगळवारच्या टेम्पोला पाय उचलत नाहीत. घड्याळ घ्यायचं ते स्वतःला आवरायला, हे डोक्यात पक्कं असेल तर पैसे वसूल होतात.

आता मनगटावरची नाडी. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे कातडीखालच्या रक्ताच्या ओघावर प्रकाश टाकतात आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून ठोके मोजतात. बसल्या जागी हे छान चालतं. धावताना हात हलतो, घड्याळ हलतं आणि त्या हलण्याचीच लय यंत्राला नाडी वाटू लागते. ओळखायची खूण सोपी आहे. अगदी आरामात, गप्पा मारत धावताय आणि घड्याळ १७० दाखवतंय, तर कॅडन्सचा, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या पावलांचा, आकडा बघा. तोही १७०च्या आसपास असेल तर घड्याळ तुमची पावलं मोजतंय, ठोके नाही. दोन-तीन सेकंद थांबून घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवा, एक भोक घट्ट करा आणि पुन्हा निघा. बहुतेक वेळा मिनिटभरात आकडा खाली येतो.

पावसात उलटा घोळ होतो. हात गार पडतो, कातडीकडे रक्त कमी जातं, शिवाय दिव्यांच्या आणि कातडीच्या मध्ये पाणी शिरतं. जुलैच्या मुसळधार रविवारी घड्याळ १२० दाखवत असतं आणि धाप मात्र १५०ची लागलेली असते. इंटरव्हलमध्येही मनगटाचा आकडा मागे राहतो. ४०० मीटरचा तुकडा संपत आला तरी नाडी चढतेच आहे, आणि तुम्ही थांबल्यावर ती शिखराला पोहोचते! म्हणून पावसाळा आणि मंगळवार यांसाठी छातीचा पट्टा हवाच. बजेट मर्यादित असेल तर स्वस्तातलं घड्याळ आणि चांगला पट्टा ही जोडी महागड्या घड्याळापेक्षा जास्त उपयोगी पडते.

पट्टा हृदयाचे विद्युत ठोके थेट टिपतो, त्यामुळे हात हलण्याचा प्रश्नच येत नाही. त्याची गरज एकच, ओलावा. निघण्यापूर्वी दोन्ही इलेक्ट्रोडच्या (ठोके टिपणाऱ्या) पट्ट्या नळाखाली भिजवा, पट्टा छातीच्या खाली, बरगड्यांवर बसवा. मोठा श्वास घेतल्यावर घसरला नाही पाहिजे, पण रुतताही कामा नये. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या घामात काहीच करावं लागत नाही. डिसेंबरमध्ये पुण्यासारख्या कोरड्या हवेत मात्र पहिली दहा मिनिटं आकडा २००च्या वर उड्या मारतो, कारण कातडी कोरडी असते आणि फडफडणारा पॉलिस्टरचा टीशर्ट घासून स्थिर वीज तयार करतो. इलेक्ट्रोडला थोडी ईसीजी जेल लावली की हे थांबतं. काचू नये म्हणून व्हॅसलीन लावायचं तर फक्त पट्टा कातडीला घासतो त्या कडांवर. इलेक्ट्रोडखाली तेलकट थर गेला की ठोके गायब. बायकांना स्पोर्ट्स ब्राचा तळाचा इलॅस्टिक आणि पट्टा एकावर एक आल्याने फार काचतं. पट्टा इलॅस्टिकच्या किंचित खाली घ्या, किंवा पूर्ण आत घ्या. अर्धा आत अर्धा बाहेर ठेवलात तर २५ किलोमीटरनंतर सालपट निघतं.

पट्ट्याची बॅटरी लवकर संपते अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. बहुधा सवय चुकते. धाव संपली की गोल यंत्र पट्ट्यापासून काढून ठेवा. ओल्या पट्ट्यावर लावून ठेवलं की त्याला वाटतं अजून कोणीतरी घातलंय आणि ते रात्रभर चालू राहतं. सेल सीआर २०३२, कुठेही मिळतो. बदलताना झाकणातली रबराची बारीक रिंग सरळ बसली आहे का बघा, नाहीतर पुढच्याच रविवारी घाम आत. पट्टा रोज साध्या पाण्यात खळबळून घ्या, आठवड्यातून एकदा सौम्य साबणात हाताने धुवा. ब्लीच नको, कपड्यांचा सॉफ्टनर नको, पिळायचं नाही. पाच-सहा महिन्यांत इलॅस्टिक सैल पडतो. बकल दोन-तीन सेंटीमीटर आत घ्या, आकडे पुन्हा सुधारतात.

इतकं करून नाडी बरोबर आली तरी तिचा अर्थ लावायला झोन (सावकाश ते जोरात असे नाडीचे टप्पे) लागतात, आणि तिथेच घड्याळ सगळ्यात मोठी चूक करतं. पेटीतून काढल्यावर ते २२० वजा वय हे सूत्र धरतं. ४० व्या वर्षी १८०. दुसरं प्रचलित सूत्र, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, तेही ४०ला १८०च देतं. ५५ व्या वर्षी मात्र एक १६५ म्हणतं, दुसरं साधारण १७०. आणि दोन्ही सरासरी आहेत. प्रत्यक्ष माणसाची कमाल नाडी दहा-बारा ठोक्यांनी इकडे किंवा तिकडे सहज असते. चुकीच्या कमाल नाडीवर बसवलेला झोन टू (सावकाश धावेचा टप्पा) म्हणजे एकाला रांगायला लावणारा आणि दुसऱ्याला रोज टेम्पो धावायला लावणारा.

त्याऐवजी ३० मिनिटांची चाचणी घ्या. सपाट, सिग्नल नसलेला रस्ता. १५ मिनिटं वॉर्मअप, मग एकट्याने ३० मिनिटं जितकं जोरात एकसारखं टिकवता येईल तितकं. १० मिनिटं झाली की लॅपचं बटण दाबा. उरलेल्या २० मिनिटांची सरासरी नाडी म्हणजे तुमची थ्रेशोल्ड नाडी, जिच्या वरचा जोर फार वेळ टिकत नाही ती. समजा ती १६८ आली. तिचे ८५ टक्के १४३, ८९ टक्के १५०. सावकाश धावा आणि लाँग रन १५०च्या आत. घड्याळात झोन हाताने टाइप करा आणि इशारा फक्त वरच्या मर्यादेला लावा. खालच्या मर्यादेचा इशारा लावलात तर ते उतारावरही पिपाण्या वाजवत बसतं. चाचणीच्या दिवशी ताप, अपुरी झोप किंवा आदल्या दिवशी लाँग रन नको. दर आठ-दहा आठवड्यांनी परत घ्या. हृदयाचा त्रास असलेल्यांनी किंवा चाळिशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

पहिले पाच-सहा आठवडे अपमानास्पद असतात. १५०च्या आत राहायचं तर पेस आठच्या वर जातो, चढावर चालावं लागतं, ग्रुपमधले पुढे निघून जातात. जाऊ द्या. त्याच नाडीत पेस सुधारतो, पण दिसायला दोन-अडीच महिने लागतात. इथे एक गफलत टाळा. जुलै आणि डिसेंबरचे आकडे शेजारी ठेवून छाती फुगवू नका, त्या सुधारणेतला मोठा वाटा हवेचा असतो.

हवेचा परिणाम किती, हे ऑक्टोबरात कळतं. दमट उकाड्यात शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी घटतं, आणि त्याच पेसला तासाभरानंतर नाडी दहा-पंधरा ठोके वर सरकते. पेस धरून ठेवलात तर लाँग रनचा दुसरा अर्धा भाग टेम्पो होऊन बसतो. नाडी धरा, पेस सोडा. घाम किती जातो तेही मोजून ठेवा: धावेआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन. एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर पाणी, त्यात वाटेत प्यालेलं मिळवा. हा आकडा घड्याळ अंदाजाने देतं, वजनकाटा खरा देतो. पण जेवढं गेलं तेवढं सगळं रस्त्यातच साध्या पाण्याने भरून काढायचा हट्ट नको. रक्तातलं मीठ पातळ होणं हे तहानेपेक्षा धोक्याचं. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घाला, आणि धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं). खायच्या एका एनर्जी जेलमध्ये बहुधा २०-२५ ग्रॅम असतात, म्हणजे दर ४० मिनिटांनी एक. घड्याळात ४० मिनिटांचा आवर्ती इशारा लावता येतो. तीन आकड्यांपलीकडे घड्याळाचा काही उपयोग असेल तर तो हा.

साताऱ्याला घाट. यवतेश्वराचा चढ पहिल्या अर्ध्या भागात, परतीला तोच उतार. इथे पेसकडे बघणं निरर्थक आहे. चढावर थ्रेशोल्डच्या दोन-चार ठोके खाली राहा, उतारावर घड्याळ विसरा आणि मांड्यांकडे लक्ष द्या, कारण उतारावर नाडी कमी असते पण पुढच्या मांडीचे स्नायू तिथेच फाटतात. घड्याळ उंची हवेच्या दाबावरून मोजतं. त्यासाठी बाजूला एक बारीक भोक असतं. घाम, मीठ, पाऊस यांनी ते बुजलं की चढ निम्मा दिसतो, किंवा सपाट रस्त्यावर डोंगर उगवतो. कोमट पाण्यात घड्याळ हलवून धुवायचं. भोकात पिन घालायची नाही, आतला पडदा फाटतो.

शर्यतीच्या दिवशी जीपीएस. सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात: "रूट लांब होता, माझं ४२.७ भरलं!" रूट लांब नव्हता. अधिकृत मोजणी खास यंत्र बसवलेल्या सायकलने, वळणांवर कडेपासून ३० सेंटीमीटर राहून, सर्वात जवळच्या वाटेने होते, आणि कमी पडू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तच धरतात. फुलला ते ४२ मीटर झाले. बाकीचे काही शे मीटर तुमच्या नागमोडी धावण्याचे, पाण्याच्या टेबलाकडे जाण्याचे आणि उंच इमारतींवरून परावर्तित होणाऱ्या सिग्नलचे. दोन फ्रिक्वेन्सी पकडणारं घड्याळ इमारतींमध्ये नक्कीच बरं चालतं, पण बॅटरी जास्त खातं, आणि तुमचं नागमोडी धावणं ते सरळ करत नाही.

याचा हिशेब आधी करा. साडेचार तासांत फुल म्हणजे ६:२४चा पेस. घड्याळात ४२.७ भरणार असेल आणि तुम्ही घड्याळावरच्या ६:२४वर विसंबलात, तर ४:३३ला पोहोचाल. घड्याळावर ६:१९ दिसायला हवं. त्यापेक्षा चांगला उपाय: ऑटो लॅप (घड्याळाने आपोआप लॅप पाडणं) बंद करा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी हाताने लॅप दाबा. लॅपचा पेस थोडा चुकेल, पण लॅपची वेळ खरी असेल. दर पाच किलोमीटरच्या वेळा कागदाच्या पट्टीवर लिहून मनगटाला बांधा. क्षणिक पेस नावाचा आकडा कोणत्याही पानावर ठेवू नका, तो झाडाखालून गेलात तरी मिनिटाने उडी मारतो.

मुंबईत सीएसएमटीच्या गर्दीत सिग्नल पकडायला वेळ लागतो. सुरुवातीच्या दहा मिनिटं आधी धावण्याचा स्क्रीन उघडून मोकळ्या आकाशाखाली उभे राहा. घड्याळ मध्येच झोपी जातं, दर दोन मिनिटांनी एक बटण दाबत राहा. स्टार्ट मात्र सुरुवातीच्या रेषेवरच्या मॅटवर (चिप नोंदवणाऱ्या चटईवर) पाय पडल्यावरच. अधिकृत नेट वेळ बिबमधल्या (छातीवर टाचायच्या नंबरातल्या) चिपची, मॅट ते मॅट. पहिले पाच किलोमीटर उत्साहाने नाडी पाच-दहा ठोके वर असते, तिथे इशारे बंद ठेवा आणि श्वासावर जा. सुरुवात अंधारात होते, जानेवारीच्या मध्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. म्हणजे पाच तासांच्या धावपटूला उरलेले जवळपास तीन तास उजेडात आणि वाढत्या उन्हात काढायचे असतात. परतीला पेडर रोडचा चढ तेव्हा येतो, पाय संपलेले असताना. तिथे नाडी थ्रेशोल्डला टेकत असेल तर छोटी पावलं, नाहीतर सरळ चाला. वर पोहोचल्यावर परत धावता येतं.

दुर्लक्ष करण्यासारखं: व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं याचा अंदाज; उकाड्यात घसरतो, थंडीत आपोआप चढतो), रिकव्हरीचे तास, झोपेचे गुण. शर्यतीच्या वेळेचा अंदाज तर फुलसाठी हमखास आशावादी असतो. दोन तासांच्या हाफवरून साधं सूत्र, हाफची वेळ गुणिले अंतराच्या गुणोत्तराचा १.०६ घात, फुलला सुमारे ४:१० देतं. आठवड्याला ३५-४० किलोमीटर धावणाऱ्याने त्यात निदान १५ मिनिटं घालावीत.

घड्याळाची निगा. चार्जिंगच्या पिनांवर घामाचं मीठ राहिलं आणि तसंच चार्जरला लावलं की त्या हिरव्या पडतात. आधी गोड्या पाण्याने धुवा, कोरडं करा, मगच लावा. हिरवं आलंच तर मऊ टूथब्रश. पावसात टचस्क्रीन बंद ठेवा, थेंबच धाव थांबवतात. घड्याळाच्या सिलिकॉनच्या पट्ट्याखाली साबण आणि ओल राहून पुरळ उठतं, पावसाळ्यात गजकर्णही. नायलॉनचा पट्टा त्वचेला बरा, पण जुलैत वाळता वाळत नाही, दोन ठेवा. आणि शर्यतीच्या आदल्या आठवड्यात सॉफ्टवेअरचं अपडेट घेऊ नका. झोन, इशारे, पानं सगळं जागेवर राहीलच याचा भरवसा नसतो, आणि ते शनिवारी रात्री बिब टीशर्टला टाचताना लक्षात येतं.