रेती-सिमेंट की जिप्सम? मुंबईतल्या घराला प्लास्टर करताना पैशाचा हिशोब कसा धरायचा

प्लास्टरचं काम काढलं की पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, फुटाला काय रेट. मग तीन जणांकडून तीन आकडे येतात आणि सगळ्यात कमी वाल्याला काम जातं. माझं म्हणणं असं की फुटाचा रेट सगळ्यात शेवटी बघा. आधी तीन गोष्टी बघा: भिंत कोरडी आहे की तिला ओल येते, सामान कितव्या मजल्यावर चढवायचंय आणि काम चालू असताना घरातली माणसं राहणार कुठे. मुंबईत बजेट कोसळतं ते बहुतेक ह्या तिन्हीपैकी एकामुळेच, रेटमुळे क्वचितच.

आधी क्षेत्रफळ, कारण इथेच पहिला धक्का बसतो. ४०० कार्पेटचं घर म्हणजे ४०० फूट प्लास्टर असं कित्येक जण मनात धरून चालतात. तसं नसतं. १० बाय १२ ची एक खोली घ्या, उंची साडेनऊ फूट. चार भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले उंची म्हणजे ४१८, त्यातून दरवाजाचे २१ आणि खिडकीचे २० काढले की ३७७ स्क्वेअर फूट उरतं. म्हणजे १२० फुटाच्या खोलीला नुसत्या भिंतीच तिप्पट, आणि सीलिंग धरलं तर अजून १२०. स्वतः टेप घेऊन मोजा आणि मोजमाप कसं धरणार ते आधीच ठरवून टाका. मोजमापासाठी आयएस १२०० हे मानक आहे, त्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या म्हणजे साधारण साडेपाच चौरस फुटांच्या छोट्या मोकळ्या जागांची वजावट होत नाही, आणि दरवाजा-खिडकीसारखी ३ चौरस मीटरपर्यंतची मोकळी जागा असेल आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टर असेल तर एकाच बाजूची वजावट होते, कारण कडा भरायची मेहनत त्यात धरलेली असते. तेव्हा काँट्रॅक्टर काहीच वजा करत नसेल तर बोला, पण दोन्ही बाजूंची वजावट पण मागू नका, कडांचं काम खरंच किचकट असतं.

आता खरी तुलना. पर्याय मुख्यतः दोन, रेती-सिमेंट आणि जिप्सम, तिसरा रेडीमिक्स म्हणजे फॅक्टरीत मिसळून गोणीत येणारं प्लास्टर, आणि चौथा ज्याकडे कोणी बघतच नाही तो म्हणजे जुनं प्लास्टर ठेवून फक्त खराब तेवढं काढणं.

हीच ३७७ फुटांची खोली रेती-सिमेंटने केली तर १२ ते १५ मिलिमीटर जाडीला, एकास सहा मालाने (एक भाग सिमेंट, सहा भाग रेती), १०० फुटाला साधारण एक गोणी सिमेंट लागतं. म्हणजे चार गोण्या, ५० किलोच्या. रेती मात्र २४-२५ घनफूट, म्हणजे पाव ब्रास, आणि तिचं वजन टनाच्या पुढे जातं. एकूण सव्वा टन सामान एका खोलीला. जिप्समची २५ किलोची गोणी १३ मिलिमीटर जाडीला २०-२१ फूट भरते, म्हणजे १८ गोण्या, साडेचारशे किलो. हा फरक कागदावर दिसत नाही पण लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर ज्यांनी काम केलंय त्यांना विचारा, गोणीमागे आणि मजल्यामागे चढाईची मजुरी वेगळी लागते आणि कोटेशनमध्ये ती बहुतेक वेळा नसते. लिफ्ट असली तरी बऱ्याच सोसायट्या रेती-सिमेंट पॅसेंजर लिफ्टमधून नेऊ देत नाहीत, कंपाउंडमध्ये रेतीचा ढीग टाकू देत नाहीत, दुपारी दोन ते चार काम बंद, रविवारी बंद, वर डिपॉझिट. हे सगळं आधी सेक्रेटरीला भेटून कागदावर घ्या मगच रेट विचारायला जा.

मग जिप्समच घ्यावं का? भिंत कोरडी आणि आतली असेल तर माझं उत्तर सरळ हो आहे. जिप्समला पाणी मारावं लागत नाही, साधारण अर्ध्या तासात सेट होतं, आणि पृष्ठभाग इतका गुळगुळीत येतो की वरून पीओपी पनिंग (प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ गुळगुळीत थर) किंवा जाड पुट्टीची गरज नसते. रेती-सिमेंटच्या प्लास्टरला निदान सात दिवस पाणी मारायचं, मग ते वाळू द्यायचं, रंग लावण्याआधी महिनाभर थांबणं उत्तम, आणि गुळगुळीत फिनिश हवं असेल तर वरून पनिंग किंवा पुट्टीचे हात वेगळे. म्हणून फुटाचा रेट बघून रेती-सिमेंट स्वस्त वाटतं तरी शेवटी तसं राहतंच असं नाही. समजा (हे आकडे फक्त हिशोब कळावा म्हणून घेतलेत, तुमच्याकडचा रेट तुम्हीच काढा) रेती-सिमेंट ५५ रुपये फूट आणि जिप्सम ६५, ढोबळ ३७५ फूट. पहिल्याचे २०,६२५ आणि दुसऱ्याचे २४,३७५. इथे वाटतं पावणेचार हजार वाचले. पण पहिल्यावर २५ रुपयांनी पनिंग केलं की ९,३७५ वाढतात आणि तो थेट ३० हजारांवर जातो. त्यात तुम्ही भाड्याच्या घरात राहून हे काम करून घेत असाल तर वाळायला लागणारे जास्तीचे तीन-चार आठवडे म्हणजे मुंबईच्या भाड्याने अजून किती होतात ते स्वतःच बघा. ही ओळ कुठल्याही काँट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये नसते कारण तो पैसा त्याला जात नाही, पण जातो तुमच्याच खिशातून.

जिप्समचा खर्च फुगतो तो जाडीमुळे. भिंत ओळंब्यात नसेल, म्हणजे कुठे १२ मिलिमीटर आणि कुठे २५ भरावं लागत असेल आणि सरासरी २० वर गेली, तर त्याच खोलीला १८ च्या जागी २७-२८ गोण्या लागतील. जुन्या विटांच्या भिंतीत हे नेहमीचं आहे. उलट नव्या टॉवरमध्ये मिवान पद्धतीच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सपाट काँक्रीटच्या भिंती असतात, तिथे जाड प्लास्टर लागतच नाही, पातळ थरात भागतं. म्हणून रेट ठरवताना जाडी लिहून घ्या, ‘इतक्या मिलिमीटरपर्यंत हा रेट आणि त्याच्या वर इतका’. काम सुरू व्हायच्या आधी ओळंबा लावून भिंतीवर जागोजाग जाडीचे ठोकळे करायला सांगा, मिस्त्रीला सकाळचा वेळ लागेल पण किती माल पिणार ते तिथेच कळतं.

आता ओल. मुंबईत ह्यावरच सगळं ठरतं असं मला वाटतं. जिप्समला पाणी सहन होत नाही, ते हळूहळू मऊ पडतं, पकड सोडतं, पोपडे निघतात. बाथरूम, मोरी, किचनच्या सिंकमागची भिंत, बाल्कनी, आणि पावसाचा मारा ज्या बाजूने येतो ती बाहेरची भिंत, इथे जिप्सम नको म्हणजे नको, कोणी कितीही चांगला रेट देऊ दे. तिथे रेती-सिमेंटच. आणि एकाच घरात दोन्ही करायला काहीच हरकत नाही, बेडरूम-हॉलच्या आतल्या भिंती जिप्सम आणि ओल्या जागा रेती-सिमेंट, मी कोणालाही हेच सांगते. फक्त मॉड्युलर किचनची जड कपाटं किंवा गीझर जिथे टांगायचे तिथे स्क्रू प्लास्टरमध्ये न थांबता वीट किंवा काँक्रीटपर्यंत गेला पाहिजे, मग प्लास्टर कुठलंही असो.

पण ओल येतेय ती येतेय कुठून हे न बघता नवीन प्लास्टर करणं म्हणजे पैसे पाण्यात. वरच्या घरातल्या बाथरूममधून येतेय, बाहेरच्या पाइपातून येतेय की बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून? बाहेरच्या भिंती, पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या कॉमन पाइपलाइनचं काम हे सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीच्या खर्चात येतं, तेव्हा आधी लेखी अर्ज द्या. नाहीतर तुम्ही आतून दोनदा प्लास्टर कराल आणि तिसऱ्या पावसात भिंत पुन्हा तशीच.

सीलिंगचा तुकडा पडून आतली सळई दिसत असेल तर हे वाचणं थांबवा आणि इंजिनिअरला बोलवा. ते प्लास्टरचं काम नाहीच. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते, वरून कितीही माल थापला तरी तो पुन्हा पडणार, आणि खाली माणसं झोपलेली असतात. त्याला सैल काँक्रीट काढणं, सळई घासून साफ करणं, तिला कोटिंग करणं आणि पॉलिमर मॉर्टर भरणं असं वेगळं काम आणि वेगळं बजेट लागतं. १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० च्या वरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं असं उपविधींतच आहे, तुमच्या सोसायटीचं शेवटचं कधी झालं ते विचारून घ्या.

गिरगाव, लालबाग, परळकडच्या जुन्या चाळींत भिंती चुन्यात बांधलेल्या असतात, वर निरूचा, म्हणजे बारीक चुन्याचा हात असतो. तिथे ‘मजबूत करू’ म्हणून एकास तीनचा कडक माल मारणारे भेटतात. नको. भिंतीपेक्षा प्लास्टर कडक झालं की ते भिंतीबरोबर हलत नाही, भेगा पडतात आणि मागून पोकळ होतं, ओलही आतच अडकते. तिथे हलका माल, एकास सहा, शक्य असेल तर थोडा चुना घालून. लाकडी खांब आणि वीट, किंवा काँक्रीटचा बीम आणि वीट जिथे मिळतात त्या सांध्यावर चिकन जाळी ठोकून घ्या, जाळीचा खर्च किरकोळ आहे आणि तीच सरळ रेषेत जाणारी भेग वाचवते. गुळगुळीत काँक्रीटवर टाचे मारल्याशिवाय, म्हणजे छिन्नीने खडबडीत केल्याशिवाय रेती-सिमेंट धरत नाही, हेही कोटेशनमध्ये आहे का बघा.

रेडीमिक्सबद्दल थोडक्यात: माल महाग पडतो, पण रेती चाळणं नाही, प्रमाण चुकत नाही आणि ढीग ठेवायला जागा लागत नाही. सोसायटी कडक असेल किंवा दोन-तीन भिंतींचंच काम असेल तर विचार करण्यासारखा आहे. रेतीमध्ये मीठ किंवा माती असली की भिंतीला लोणा लागतो, म्हणजे पांढरी खार फुटते, निदान ती भीती इथे कमी.

आणि तो चौथा पर्याय. लाकडी दांडा घेऊन सगळी भिंत हळूहळू ठोकत जा. टणक आवाज येतो तिथे प्लास्टर धरून आहे, पोकळ येतो तिथे सुटलंय. खडूने पोकळ भाग गोल करून त्याचं माप काढा. पाव भिंतसुद्धा पोकळ नसेल तर सगळं तोडू नका, तेवढं काढून भरा आणि वरून पातळ फिनिश घ्या. कारण तोडणं फुकट नसतं. त्या ३७७ फुटांचं जुनं प्लास्टर काढलं की टनभर डेब्रिज निघतं, ते गोण्यांत भरणं, उतरवणं आणि गाडी, सगळ्याचे पैसे लागतात, आणि रस्त्याच्या कडेला टाकून दिलं तर दंडही होऊ शकतो. महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे, वॉर्ड ऑफिसला विचारा.

मजुरीचं म्हणाल तर नाक्यावरून रोजावर माणसं आणायची आणि माल स्वतः घ्यायचा हा प्रकार छोट्या पॅचला बरा, पूर्ण घराला नाही, कारण रोजावर काम लांबत जातं आणि उरलेला माल कोणाचा यावर वाद होतात. पूर्ण घर असेल तर विथ मटेरियल, उक्तं काम द्या, पण सिमेंट-जिप्समचा ब्रँड, मालाचं प्रमाण, जाडी, तोडणं, डेब्रिज, चढाई, जाळी, खिडक्यांच्या कडा आणि जीएसटी आत की बाहेर हे सगळं एका कागदावर हवं. बिलावर १८ टक्के जीएसटी लागला तर दोन लाखांच्या कामाला ३६ हजार होतात, हे शेवटच्या दिवशी कळू नये. इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरच्या झिऱ्या (वायर-पाइपसाठी भिंतीत पाडायच्या खाचा) प्लास्टरच्या आधी, नाहीतर नव्या भिंतीत पुन्हा छिन्नी.

एकूण बजेटवर १५ टक्के तरी बाजूला ठेवा, जुनी इमारत असेल तर २५. जुन्या प्लास्टरच्या मागे काय आहे ते काढल्याशिवाय कोणालाच दिसत नाही.

वेळ म्हणाल तर दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंत. पावसाळ्यात दोन्ही प्रकारची प्लास्टरं वाळायला खूप वेळ घेतात आणि ओल्या भिंतीवर रंग मारला की तो वर्षात उतरतो. पैसे टप्प्याने द्या, आणि शेवटचे १० टक्के प्लास्टर पूर्ण वाळल्यावर, पुन्हा तोच लाकडी दांडा घेऊन काँट्रॅक्टरसमोर भिंत ठोकून बघितल्यानंतरच.